ध्वनितबकड्यांची शुद्ध प्रत व तिचें गृहश्रवण

हस्तलिखितांच्या संग्राहकांस सीडीचा विषय परका वाटेल. परंतु शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील ज्या घरांत आम्ही पोथ्या पाहावयास जातों, त्यांपैकीं पुष्कळ घरांत रुमालांशेजारींच या रुपेरी तबकड्यांची चळतही आढळते. त्यांत बाजारांत मिळणारें नाट्यसंगीत व अभंग असतात. तसेंच कोणा हरिदासाचें कीर्तन, गांवच्या भजनी मंडळाचा काकडा, घरांतील वृद्ध स्त्रीनें म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, असें कॅसेटीवरून उतरवून घेतलेलें साहित्यही असतें. कॅसेट पुढें फेंकून दिलेली असते. म्हणजे ती तबकडी ही त्या पाठाची एकमेव उपलब्ध प्रत होय.

सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. तिच्यावर नाद सेकंदास ४४,१०० वेळां मोजून प्रत्येक माप सोळा द्विमान अंकांत लिहिलेलें असतें, डाव्या व उजव्या बाजूसाठीं निरनिराळें. हा मजकूर नाभीपासून परिघाकडे जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेंत असतो. कारखान्यांत छापलेल्या तबकडीवर तो सूक्ष्म खळग्यांच्या रूपानें उमटविलेला असतो. घरीं भरलेल्या सीडी-आर जातीच्या तबकडीवर मात्र खळगे नसून रंगद्रव्याच्या थरावर किरणानें उठविलेल्या खुणा असतात. शिलालेख व शाईचा लेख यांत जो भेद, तोच हा. रंगद्रव्य उन्हानें व उष्णतेनें विटतें, आणि आमच्या इकडे पावसाळ्याचे चार महिने भिंतीस ओल असते ती निराळीच. म्हणून प्रत करण्याचा क्रम लोक ठेवतात त्याच्या उलट असावा: आधीं घरगुती सीडी-आर, मागाहून विकतच्या तबकड्या.

ओरखडा पडलेली तबकडी वाचतांना यंत्र काय करतें हें नीट समजून घेतलें पाहिजे. सर्व प्रकरणाचें मर्म येथेंच आहे. मजकूर लिहितांना त्यांत ताळ्याचे ज्यादा अंक घातलेले असून मूळ अंक क्रम मोडून दूरदूर विखुरलेले असतात. त्यामुळें रेषेवरील सुमारें अडीच मिलिमीटरांपर्यंतचा सलग भाग नष्ट झाला तरी मूळ अंक गणितानें तंतोतंत परत मिळतात. हा तर्क नव्हे, शुद्ध पाठच होय. हानि त्याहून अधिक असली तर मात्र यंत्र अलीकडच्या व पलीकडच्या मापांवरून मधलें माप अनुमानानें भरतें, आणि कोणास कांहीं न कळवितां पुढें वाजवीत जातें. नाणेघाट मुरबाडकरांस दूर नाहीं. तेथील लेण्यांतील सातवाहनकालीन ब्राह्मी लेख जागोजाग झिजलेला आहे. संपादक जेथें अक्षर तर्कानें भरतो तेथें कंस घालतो. सीडी वाजविणारें यंत्र हा कंस न घालणारा लेखनिक आहे. ऐकतांना यानें फारसें बिघडत नाहीं. प्रत करितांना बिघडतें. कारण तर्काचा पाठ नव्या प्रतींत एकदां शिरला कीं तो मूळ म्हणूनच पुढें चालतो.

यावर उपाय आहे. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी यासारखी संगणकप्रणाली प्रत्येक भाग पुनःपुन्हां वाचून वाचनें जुळतात कीं नाहीं हें पाहते व जेथें जुळत नाहींत तें स्थळ नोंदवून ठेवते. शिवाय अॅक्युरेटरिप नांवाच्या सामाईक नोंदवहीशीं, इतरांनीं त्याच तबकडीच्या काढलेल्या प्रतींचा ताळा पाहतां येतो. हें एक प्रकारचें पाठसंमीलनच. गांवच्या काकड्याची तबकडी त्या वहींत असणें संभवत नाहीं. तिचें वाचन दोन निरनिराळ्या यंत्रांवर करावें, दोहोंचा ताळा मिळवावा, आणि ती नोंद प्रतीसोबत जपावी. तत्पूर्वीं तबकडी मऊ कापडानें नाभीकडून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसूं नये; गोल ओरखडा रेषेच्या दिशेनेंच जातो व सलग मजकूर खातो. नांवाच्या बाजूवर बॉलपेननें लिहिण्याची खोड तर अत्यंत घातक, कारण चकाकणारा थर त्याच बाजूस पातळ लेपाखालीं असतो.

प्रत फ्लॅक या स्वरूपांत ठेवावी. हें २००१ पासून मुक्तपणें उपलब्ध आहे. यांत मजकूर आंखडला तरी एकही अंक गळत नाहीं. एमपी३ हें संक्षिप्त बाडासारखें आहे, वाटेंत ऐकण्यास ठीक, संग्रहास अग्राह्य. पूर्ण भरलेली ७४ मिनिटांची तबकडी सुमारें ७८० मेगाबाइट होते, ती फ्लॅकमध्यें बहुधा निम्म्याच्या थोडी वर जागा घेते. एक टेराबाइटच्या पेटींत दोन हजारांच्या आसपास तबकड्या मावतात.

पुष्पिकेचा प्रश्न याहून कठीण. सीडीवर गायकाचें नांव बहुधा मुळींच नसतें. संगणक दाखवितो तें इंटरनेटवरील याद्यांतून आलेलें असतें, आणि तेथें एकाच गायकाचें नांव रोमन लिपींत तीन तऱ्हांनीं सांपडतें. फ्लॅकमध्यें नागरी नोंदी उत्तम बसतात. तेव्हां गायक, राग, नाटक, मूळ ध्वनिमुद्रिकेचा क्रमांक, घरगुती मुद्रणाचा गांव व वर्ष हें स्वतः लिहावें. १९०२ सालीं गैसबर्ग यानें कलकत्त्यास हिंदी गायनाचें मुद्रण सुरू केलें. त्या आरंभींच्या काळांतील कित्येक गायक गाण्याच्या शेवटीं स्वतःचें नांव उच्चारीत. ती बोललेली पुष्पिकाच. निरर्थक समजून ती कापूं नये.

आतां श्रवण. पेटी एका लहान संगणकास जोडून त्यावर लिरियनसारखी वितरणप्रणाली चालवावी. बैठकींत अॅम्प्लिफायरला एक ग्राहक-यंत्र लावावें. दोहोंस घरच्या राऊटरनें जोडावें. यास इंटरनेट लागत नाहीं. इंटरनेट बंद पडलें तरी घरांतल्या घरांत गाणें चालूं राहतें, ही गोष्ट डोंगराकडच्या गांवांत लहान नव्हे. सीडीचा पूर्ण प्रवाह सेकंदास १४११ किलोबिट, तो वायफायला जड नाहीं. मात्र जुन्या वाड्यांच्या जाड भिंती लहरी अडवितात, तेथें सरळ तार ओढावी. वीज अचानक जाते तेव्हां लिहीत असलेली पेटी बिघडूं शकते, म्हणून इन्व्हर्टर हवा.

दुसरी प्रत दुसऱ्या पेटीवर, आणि ती पेटी दुसऱ्या गांवीं: शहापूरची मुरबाडास, मुरबाडची शहापुरास. वर्षांतून एकदां दोन्हींचा ताळा पाहावा. मूळ तबकड्या टाकूं नयेत. त्या डबींत उभ्या, उन्हापासून दूर, पोथ्यांच्याच कपाटांत ठेवाव्यात.