ऑल्ड्रिच एम्स प्रकरण : एका फितुरीचा विलंबित शोध

हेरखात्यातील फितुरीचा विचार करताना ती कोणी केली व कशासाठी केली, याकडे अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते. परंतु ती इतकी वर्षे उमगली कशी नाही, हा प्रश्न राज्यशासनाच्या अभ्यासकास अधिक विचार करावयास लावणारा आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तचर संस्थेतील (सी. आय. ए.) ऑल्ड्रिच एम्स याचे प्रकरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

एम्स हा संस्थेच्या सोव्हिएत विभागातील प्रतिहेरगिरी शाखेचा प्रमुख होता; त्यामुळे संस्थेस फितूर झालेल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांची माहिती पदपरत्वेच त्याच्या हाती येई. एप्रिल १९८५ मध्ये तो वॉशिंग्टनमधील सोव्हिएत वकिलातीत स्वतः होऊन गेला आणि त्याने ५०,००० डॉलर मागितले. १३ जून रोजी तर त्याने बहुतेक सर्व महत्त्वाच्या हस्तकांची नावे कागदपत्रांसह हवाली केली. वकिलातीतील चुवाखिन नावाच्या अधिकाऱ्याबरोबर तो उघडपणे भोजनास जाई. सोव्हिएत अधिकाऱ्यांना वश करणे हा त्याच्या कामाचाच भाग असल्याने या भेटींस वरिष्ठांची अनुमती होती.

यानंतर हस्तक एकामागून एक पकडले गेले. त्यांपैकी किमान दहा जणांना देहदंड झाला. दिल्लीच्या सोव्हिएत वकिलातीत लष्करी प्रतिनिधी म्हणून राहिलेला जनरल पोल्याकोव्ह १९८८ मध्ये असाच मारला गेला. (त्याचे नाव रॉबर्ट हॅन्सन या दुसऱ्या फितुरानेही १९७९ मध्येच कळविले होते.)

संस्थेस हानी दिसत होती, पण तिचा अर्थ लावताना घोटाळा झाला. १९८५ मध्ये रशियात पळालेल्या एडवर्ड हॉवर्ड या बडतर्फ कर्मचाऱ्यावर प्रथम दोष ठेवण्यात आला. परंतु हॉवर्डला ठाऊक नसलेले हस्तकही पकडले गेले होते. मग सांकेतिक संदेश फुटले असावेत, मॉस्कोच्या वकिलातीत शिरकाव झाला असावा, असे तर्क झाले. आपल्याच सहकाऱ्यापेक्षा यंत्रणेचा संशय घेणे सोपे वाटले, असेच म्हणावे लागते. त्यात १९८६ व १९९१ या दोन्ही वेळी असत्यशोधक यंत्राच्या चाचणीत एम्स उत्तीर्ण झाला. १९८९ मध्ये त्याने ५,४०,००० डॉलरांचे घर रोखीने घेतले; पत्नीच्या माहेरची संपत्ती, हा खुलासा पुरेसा मानला गेला.

उलगडा झाला तो एका साध्या तक्त्याने. १९९२ मध्ये सँडी ग्राइम्स या अधिकारी स्त्रीने एम्सच्या भोजनभेटींच्या तारखा व त्याच्या बँकेतील भरणा शेजारी मांडला. १७ मे १९८५ रोजी भेट, १८ मे रोजी ९,००० डॉलर; २ जुलै रोजी भेट, ५ जुलै रोजी ५,०००; ३१ जुलै रोजी भेट आणि त्याच दिवशी ८,५००. यांपैकी भेटींची माहिती एम्सने स्वतःच वरिष्ठांना दिलेली होती.

२१ फेब्रुवारी १९९४ रोजी त्याला अटक झाली आणि एप्रिलमध्ये आजन्म कारावासाची शिक्षा झाली.