फक्त छत्तीस

“दोन ते नऊच्या पाढ्यांत लक्षात ठेवायचं किती? फक्त छत्तीस.” चोपडा तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमनी हे सहज सांगितलं आणि मला राहवेना. आठ पाढे, प्रत्येकात दोन ते नऊ, म्हणजे चौसष्ट व्हायला हवेत. उरलेले अठ्ठावीस जातात कुठे, ते बघायला मी तिसरीच्या वर्गात जाऊन बसले.

हजेरी झाली. मग पाढे, सगळ्यांचे एका सुरात. इथले आजोबा पावकी, दिडकी, अडीचकी अजून धडाधड म्हणतात. तो सूर मलाही प्रिय आहे. पण मॅडमनी एका मुलाला मध्येच विचारलं, “सात सक?” त्याचे ओठ हलू लागले. सात एके सात, सात दुणे चौदा... पाढा त्याला पाठ होता, सात सक येत नव्हतं. समूहाच्या आवाजात हे कधीच कळत नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. पाटीवर चिंचोके मांडायला लावले: सहा ओळी, ओळीत सात. “आता पाटी फिरव.” त्यानं जमिनीवरच पाटी हलकेच फिरवली. चिंचोके तेच, पण आता सात ओळी, ओळीत सहा. त्यानं पुन्हा फिरवून पाहिलं.

“तेच शे ना, मॅडम!”

असे अठ्ठावीस गळतात आणि छत्तीस उरतात. त्यातले दोनचे, पाचचे मुलं पटकन धरतात. खरी झुंज एकवीसांशी.

शिवाय घरी पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ‘बेचाळीस’मध्ये आधी दोन ऐकू येतात, लिहायचे मात्र आधी चार. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांची अडचण समजावून सांगत राहिल्या. या वर्गात बसल्यावर ती थट्टा मला निष्ठुर वाटते.

उत्तर आलं म्हणून मॅडम विषय सोडत नाहीत. थोड्या वेळानं, उद्या, आठवड्यानं, मूल विसरायच्या बेतात असताना पुन्हा विचारतात. त्या दिवशी खिचडीच्या रांगेत त्याच मुलाला गाठलं.

“सात सक?”

“बेचाळीस.”

“आठ सक?”

ओठ हलले, पण पाढा सुरू झाला नाही. “बेचाळीस न सहा... अठ्ठेचाळीस!”

मॅडम लगेच मागच्या मुलीकडे वळल्या. “सहा आठे?”