फडावरचं तान्हं

दसरा-दिवाळी उरकली की आमच्या बीडकडच्या तांड्यावर अंगणवाडीच्या रजिस्टरात नावं राहतात आणि पोरं निघून जातात. मी इथली सेविका. शाळकरी पोर निदान आजीजवळ थांबतं, पण अंगावर पिणाऱ्याला कोण ठेवून घेणार? ते आईबरोबर ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर चढतं आणि सांगली, कोल्हापूर, नाहीतर थेट कर्नाटक गाठतं.

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली, ती फिटेपर्यंत हात थांबत नाही. एक खाडा पडला तरी पैसे कापतात. गाडी कधी कधी रात्री भरावी लागते. बाळाची झोळी फडाच्या कडेला, आणि राखणीला पाच-सहा वर्षांची बहीण. तिची राखण कोण करतं, हे विचारू नका.

घरात दाणा नाही म्हणून पोर वाळतं, असं शहरातल्या लोकांना वाटतं. मला नाही पटत. कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, ज्वारी-बाजरी असते. आईला वेळ नसतो. सहा महिन्यांनंतर नुसतं अंगावरचं दूध पुरत नाही, वरचं मऊ अन्न लागतं. इवलंसं पोट, म्हणून ते थोडं थोडं, दिवसातून अनेकदा भरवावं लागतं. पहाटे अंधारात थापलेली भाकरी दुपारपर्यंत वाळते. वर्षाचं पोर ती चावणार कसं? मग चहात बुडवलेलं बिस्कीट. त्यानं रडणं थांबतं, वजन वाढत नाही. पाणी मिळेल तिथलं, त्यामुळे जुलाब ठरलेलेच.

हंगाम संपून माणसं परतली की मी पोरांच्या दंडाला पट्टी लावते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे तीव्र कुपोषण. "बाई, जाताना चांगलं गुटगुटीत व्हतं की," आई म्हणते. खरंच होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. ही खुंटलेली वाढ बहुतेक पहिल्या दोन वर्षांतली असते आणि मागाहून भरून काढणं फार अवघड.

तीन वर्षांपर्यंतच्या पोरांचा आहार घरी न्यायला मिळतो. स्थलांतराची नोंद मोबाइलवर करताही येते. पण तिकडची अंगणवाडी गावात आणि कोप्या गावाबाहेर माळावर. मजुरी बुडवून कोण जाईल?

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं आहे. शाळकरी मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आली, चांगलं झालं. दीड वर्षाचं पोर मात्र वसतिगृहात राहत नाही. त्याला फडाजवळ पाळणाघर हवं, आणि पाजायला उठलेल्या आईचा खाडा धरता कामा नये. कारखानदारांनो, यंदा गव्हाणीत पहिली मोळी टाकायच्या आधी एवढं करा.