किती काढावे, किती राखावे

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा बव्हंशी कमी कापण्याचे धैर्य शल्यविशारदांच्या अंगी कसे आले, याचा इतिहास आहे. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी एकसंध काढल्या जात. रोग गाठीपासून पायरीपायरीने बाहेर सरकतो, तेव्हा जितके अधिक कापावे तितका तो समूळ जाईल, अशी त्यामागची धारणा होती. खपाटीला गेलेली छाती, आखडलेला खांदा आणि सुजलेला हात हे तिचे मोल स्त्रियांनी पाऊणशे वर्षे मुकाट्याने चुकते केले.

पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७०च्या दशकात सुरू केलेल्या तुलनात्मक चाचण्यांनी ही धारणा मोडीत काढली. आरंभीच्या अवस्थेतील रोगात केवळ गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढून उरलेल्या स्तनावर किरणोपचार केले, तरी संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच स्त्रिया जगतात, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांतून सिद्ध झाले. मात्र फिशर यांच्या चाचणीत किरणोपचार न घेतलेल्यांपैकी शंभरात ३९ जणींच्या त्याच स्तनात रोग उलटला, तर घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ होते. स्तन राखायचा तर किरणोपचार सहसा टाळता येत नाहीत, ते यामुळेच. गाठ स्तनाच्या मानाने फार मोठी असल्यास किंवा रोग अनेक ठिकाणी पसरलेला असल्यास पूर्ण स्तन काढणे आजही श्रेयस्कर ठरू शकते, परंतु आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करता येते आणि मग पुष्कळदा स्तन वाचतो.

काखेच्या बाबतीतही असेच घडले. स्तनाग्राजवळ निळे रंगद्रव्य किंवा सौम्य किरणोत्सारी द्रव्य टोचले की ते लसिकावाहिन्यांतून काखेकडे जाते; ज्या एकदोन ग्रंथींत ते प्रथम पोहोचते त्या पहारेकरी ग्रंथी काढून तपासतात आणि त्या रोगमुक्त आढळल्यास बाकीच्यांना हात लावत नाहीत, त्यामुळे हात सुजण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

या संशोधनात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची भर विशेष उल्लेखनीय आहे, आणि मराठी वाचकांत तिची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. सुमारे १६०० स्त्रियांचा समावेश असलेल्या, त्या रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत एका गटातील स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे बधिरीकरणाचे स्वस्त औषध टोचण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ते टोचलेल्या गटात ९०.१ टक्के, तर न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के होते.

स्तन काढावाच लागला, तर पुनर्रचनेचे मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला सिलिकोनच्या रोपणाचा, जे १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे प्रथम वापरले गेले: शस्त्रक्रिया तुलनेने आटोपशीर, पण किरणोपचारानंतर रोपणाभोवतीचे आवरण आकसून कठीण होण्याची शक्यता वाढते. दुसरा मार्ग स्वतःच्या ऊतींचा. पाठीचा रुंद स्नायू त्वचेसह छातीकडे वळवतात, किंवा ओटीपोटाची त्वचा व चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसह सुटी करून छातीवर बसवतात आणि एकदोन मिलिमीटर रुंदीच्या त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने छातीतील वाहिन्यांना जोडतात. हे काम कित्येक तास चालते आणि पहिले काही दिवस त्वचेचा रंग व ऊब वारंवार पाहावी लागते, कारण जोडणीत रक्त गोठले तर तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. असा स्तन मऊ असतो आणि वजनाबरोबर कमीजास्त होतो; पूर्वीची संवेदना मात्र क्वचितच पूर्ण परतते. स्तनाग्र नंतर त्वचेपासून घडवतात, अथवा गोंदवून घेतात.

पुनर्रचनेबाबत ‘या वयात हे कशाला’ असे घरातील मंडळी परस्पर ठरवून टाकतात, तेव्हा निर्णय ज्या देहाचा आहे त्या देहाच्या मालकिणीचे मत बहुधा विचारलेलेच नसते. पुनर्रचना नको म्हणून अंतर्वस्त्रात बसणारा कृत्रिम स्तन वापरणे, किंवा काहीच न वापरणे, हेही तितकेच रास्त पर्याय आहेत. शिवाय पुनर्रचना मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच करून घ्यावी असे बंधन नसते; उपचार पूर्ण झाल्यावर, अगदी काही वर्षांनीही, ती करता येते.