सांगण्याआधी सोपट द्या

बुऱ्हाणपूरच्या लालबाग भागात जमिनीखालून पाणी चारशे वर्षं चालत येतंय, आणि ते आणायला ना मोट लागली ना पंप. अब्दुल रहीम खानखाना इथे सुभेदार असताना, १६१५च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारं पाणी हेरलं आणि भुयार खणून शहराच्या दिशेने वळवलं. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या उभ्या कुंड्या आहेत. खणताना माती वर काढायला, आत हवा खेळायला आणि पुढे गाळ उपसायला त्यांचाच उपयोग. हा कुंडी भंडारा, लोकांच्या तोंडी खुनी भंडारा, मार्च २०२४मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेला. पाहायला येणारे रहीमचे दोहे आठवतात, मोगलांच्या बागा आठवतात. मला मात्र तिथे आठवतो तो उतार. सारी गोम त्यातच आहे. उतार जास्त झाला तर पाणी भुयाराचा तळ खरवडत सुटतं, कमी झाला तर वाटेतच गाळ धरतं.

हा प्रश्न इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला येतो. पण तो साडेचार वर्षांच्या पोरापुढेही ठेवता येतो, आणि त्यासाठी लागणारं साहित्य या जिल्ह्यात फुकट मिळतं. बुऱ्हाणपूर केळीचा मुलूख. घड उतरवला की खांब बांधावर पडून राहतात. खांब सोलला की एकेक सोपट सुटं होतं. हातभर लांब, आतून खोलगट, आयती पन्हळच. तीन सोपटं, चार विटा, एक घमेलं आणि दोन लोटे एवढं अंगणवाडीच्या ओट्यावर ठेवा आणि बाजूला व्हा.

सोपट सपाट ठेवलं की ओतलेलं पाणी थोडं पुढे सरकतं, थबकतं आणि दोन्ही टोकांनी सांडतं. यावर मुलांचा पहिला उपाय ठरलेला असतो : आणखी पाणी. मग हाताने लोटणं, मग फुंकर. कुणाच्या तरी हातून एक टोक चुकून उचललं जातं आणि पाणी पळतं. तिथून पुढे ओट्यावर गलका होतो. विटेवर वीट चढते, उतार वाढतो, आणि तेवढ्यात नवी पंचाईत उभी राहते. वरच्या सोपटातून आलेलं पाणी इतक्या जोरात येतं की खालच्या सोपटात न पडता पलीकडे उडी मारतं. आता एक वीट काढायची, की खालचं सोपट पुढे सरकवायचं? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि मुलं दोन्ही करून पाहतात.

त्याच खांबाचा आडवा काप घेऊन दाखवला तर आणखी एक गंमत. सोपटाच्या जाडीत बारीक खणांची जाळी असते आणि खणांत हवा. त्यामुळे हा तुकडा पाण्यावर तरंगतो. छोटा तुकडा तरंगला. आता हा मोठा, जड तुकडा टाकला तर? बहुतेक मुलं ‘बुडेल’ म्हणतात. मोठं म्हणजे जड आणि जड म्हणजे बुडणार, असा त्यांचा हिशेब असतो. तो हिशेब चुकीचा असला तरी हिशेब आहे, हे महत्त्वाचं. घमेल्यात तो मोडतो तेव्हा मुलं तुकडा दाबून पाहतात, उलटा करतात, त्यावर खडा ठेवतात. (केळीच्या चिकाचे डाग निघत नाहीत. त्या दिवशी जुने कपडे घालून पाठवा, असं पालकांना आदल्या दिवशीच सांगितलेलं बरं.)

मोठ्यांची अडचण अशी, की एवढा वेळ गप्प राहवत नाही. ‘अरे, असं टोक वर धर,’ हे पाच शब्द जिभेवर आलेलेच असतात. ते गिळावेत का, याचं उत्तर एका प्रयोगातून मिळतं. अमेरिकेत एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी एक खेळणं बनवलं. त्यात चार करामती दडवल्या होत्या. नळी ओढली की ‘चीं’ आवाज, एका ठिकाणी दिवा, एका ठिकाणी सूर, आणि एका नळीच्या आत आरसा. काही मुलांना बाईंनी नीट दाखवलं : हे माझं खेळणं, बघा हं, असं ओढलं की वाजतं. दुसऱ्या काही मुलांसमोर तोच आवाज जणू चुकून झाला. मग खेळणं मुलांच्या हाती दिलं. ज्यांना शिकवलं होतं ती नळी ओढत राहिली आणि लवकर कंटाळली. ज्यांना शिकवलं नव्हतं त्यांनी जास्त वेळ खटपट केली आणि जास्त करामती शोधल्या. २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांचं यात काही चुकलं नाही, उलट त्यांनी चोख तर्क केला. बाईंना सगळं माहीत आहे, बाईंनी एकच गोष्ट दाखवली, म्हणजे दाखवण्यासारखं एवढंच असणार.

मोठ्यांच्या प्रश्नालाही असाच अर्थ चिकटतो. ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाचा प्रयोग डी.एड.ला सगळे शिकतात. गोट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या, मुलाकडून ‘सारख्या आहेत’ असं वदवून घ्यायचं, मग एक ओळ पसरून पुन्हा तेच विचारायचं. पाच वर्षांचं मूल म्हणतं, लांब ओळीत जास्त. १९७४ साली स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी त्यात एक खट्याळ अस्वल आणलं. ओळ विस्कटायची ती या बाहुल्याने, बाईंनी नाही. मग तोच प्रश्न. या वेळी कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. आपल्याकडे शाळेत गेलेल्या कुणालाही यातलं मर्म लगेच कळेल. बाईंनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, याचा अर्थ पहिलं उत्तर चुकलं.

म्हणून तोंड शिवून बसायचं, असं मी म्हणत नाही. मुलांना मोकळं सोडून ताई रजिस्टर भरत बसल्या तर त्यातून फार काही निघत नाही. (रजिस्टरं कमी नाहीत, हेही खरं.) ‘आता ओतलं तर कुठे जाईल?’ हा प्रश्न ओतण्याआधी विचारावा, चार मुलांची चार उत्तरं ऐकून घ्यावीत, आणि निकाल पाण्यावर सोपवावा.

मराठी मुलखात हे कुणाला नवं वाटू नये. रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरींनी बालगृह सुरू केलं, तिथली साधनं लाकडाची, मोजूनमापून घडवलेली आणि महाग. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करताना ताराबाई मोडकांनी ती पद्धत आत्मसात केली, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण ताराबाईंचं खरं धाडस पुढचं. १९४५मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. इटालियन साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया, माती आली. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांत गेलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ गटांमध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणात भरणारी शाळा तिच्या केंद्रांच्या ‘अंगणवाडी’ या नावातच येऊन बसली. आज कंपन्यांचे रंगीत ‘ॲक्टिव्हिटी किट’ हजारांच्या घरात विकले जातात तेव्हा मला बोर्डीचे शिंपले आठवतात. खड्यांची लहान-मोठी रांग लावणं आणि प्लास्टिकच्या रंगीत कड्यांची रांग लावणं, मुलाच्या डोक्याला काम तेच.

लालबागेत शिंपले नाहीत, पण यंत्रमाग आहेत. सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन गोळा करा. ते एकात एक बसतात, उभे राहतात, कर्णा होतात, वाळूचं नसराळं होतात. घरात कणीक आहेच. मांड्यांच्या या गावात कणकेचा गोळा मिळायला अडचण नसावी. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडं अजून हाडं झालेली नसतात. आठांपैकी काही कूर्चाच असतात, आणि शेवटचं हाड बनायला आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. असा हात गोळा मळतो, चिमटतो, वळ्या करतो, तेव्हा बोटांची ताकद आणि नेम दोन्ही वाढतात.

आणि मग पालकांचा तो प्रश्न येतो : ‘हे सगळं ठीक, पण लिहायला कधी शिकवणार?’ त्यांच्या डोळ्यांसमोर गिरवण्याची वही असते, ठिपक्या-ठिपक्यांचा अ आणि त्यावरून शंभरदा फिरणारी पेन्सिल. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२मध्ये वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं मोकळ्या हाताने काढायला दिली, काही ठिपक्यांवरून गिरवायला, काही कीबोर्डवर दाबायला. नंतर तीच अक्षरं पाहताना त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. वाचनाशी संबंधित भाग सर्वांत जागे झाले ते मोकळ्या हाताने काढलेल्या अक्षरांना. अभ्यास लहान होता, मुलं पंधराच, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. पण कारण पटण्यासारखं आहे. हाताने काढलेला अ दर वेळी वेगळा वाकडा येतो, आणि इतक्या वाकड्या अ-मधून मूल अ-चं अ-पण हुडकतं. गिरवलेला अ कायम एकच. तेव्हा ओल्या वाळूत बोटाने काढलेल्या बेढब अक्षराला हसू नका.

अंकांसाठी तर खेळ घरातच पडलेला आहे. रॉबर्ट सीगलर आणि गीता रामाणी यांनी गरीब वस्त्यांतल्या बालवाडीच्या मुलांना एका रांगेत १ ते १० आकडे असलेला पट दिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव झाले, एवढ्यावर मुलांची आकड्यांची समज स्पष्ट सुधारली. आकड्यांऐवजी रंग असलेल्या पटावर तसं घडलं नाही. सोंगटी पुढे जाते तसं अंतर वाढतं, वेळ वाढतो, आकडा वाढतो, आणि हे सगळं हाताला, डोळ्याला, कानाला एकदम कळतं. पुढे एलिडा लास्की आणि सीगलर यांनी एक बारकावा शोधला, तो प्रत्येक आजी-आजोबांनी लक्षात ठेवावा. सोंगटी २४ वर आहे आणि तीन पडले, तर आपण ‘एक, दोन, तीन’ म्हणत सरकवतो. त्याचा फारसा फायदा होत नाही. ‘पंचवीस, सव्वीस, सत्तावीस’ असं घरावरचा आकडा वाचत सरकवायचं. सापशिडीचा पट तोच, दानही तेच, बदलतं ते तोंडातलं मोजणं. बुऱ्हाणपुरात घरी मराठी आणि शाळेत हिंदी, तेव्हा एका डावात सत्तावीस आणि दुसऱ्यात सत्ताईस म्हटलं तरी बिघडत नाही.

थोडं सावधगिरीचं. पाण्याचं घमेलं आणि मुलं यांच्यापासून एक मिनिटही नजर हटवायची नाही; लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. खेळ झाला की घमेलं रिकामं. चिंचोके, मणी, वाटाणे नाकात जातात हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तीन वर्षांखालचं भावंड जवळ असेल तर या वस्तू बाहेर काढूच नका. आणि लाल-काळ्या देखण्या गुंजा व एरंडीच्या बिया मोजणीसाठी कधीही वापरू नका. दोन्ही जहाल विषारी आहेत, चावली गेलेली थोडी बीसुद्धा जिवावर बेतू शकते.

खेळातून सगळं आपोआप येतं, असं सांगणाऱ्यांपासून मात्र जरा जपून. दिल्लीत ‘प्रथम’ संस्थेच्या साथीने एक मोठा प्रयोग झाला. मोइरा डिलन, हरिणी कन्नन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो आदींनी तो केला. २१४ बालवाड्या, १,५४० मुलं, काही महिने गणिती खेळ. कोणत्या ढिगात जास्त, कोणता आकार वेगळा, हे अंदाजाने ओळखण्यात मुलं सुधारली आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर पाटीवरच्या आकड्यांचं गणित त्यांना इतरांहून चांगलं येईना. २०१७च्या ‘सायन्स’मध्ये संशोधकांनी हे आडपडदा न ठेवता लिहिलं. त्यांचं म्हणणं, खेळातली समज आणि कागदावरची खूण यांची गाठ कुणीतरी मुद्दाम घालून द्यावी लागते.

ती गाठ सोपटाच्या खेळात सहज घालता येते. घमेलं भरायला किती लोटे लागतील, याचा प्रत्येकाने आधी अंदाज सांगायचा. ताईंनी तो आकडा खडूने ओट्यावर, मुलाच्या चित्राशेजारी लिहायचा. मग एकेक लोटा ओतायचा आणि दर लोट्याला एक रेघ मारायची. आठ रेघा झाल्या की शेजारी ८ लिहायचा, आणि कुणाचा ६, कुणाचा १०, कुणाचा थेट १०० होता ते पाहायचं. दुसऱ्या दिवशी लोटा बदलून लहान घ्या. आता आकडा वाढेल की कमी होईल, यावर ओट्यावर भांडण होईल. ते होऊ द्या, आणि मुलांनी आकडे सांगितले की खडू त्यांच्याच हातात द्या.