रमजानआधी माती, ईदनंतर बटाटा : ब्रिटनमधल्या अडीच गुंठ्यांवरची तयारी

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आता राहायला बर्मिंगहॅममध्ये. गावाकडे भात, नाचणी, आंबा, काजू हे सगळं पाहिलेलं. पण बटाटा कधी लावला नव्हता. कोकणात बटाटा येतो तो घाटावरून, गोणीतून. त्यामुळे गेल्या वर्षी जेव्हा आमच्या अलॉटमेंटवर पहिल्यांदा बटाटा लावला, तेव्हा वाटलं होतं की यात काय अवघड आहे? जमिनीत पुरायचा आणि उगवायची वाट बघायची. ऑगस्टमध्ये खणायला गेलो तर हाताला लागला तो काळा, पिचलेला, वास मारणारा चिखल. दीडशे किलोचं स्वप्न होतं, घरी पिशवीभरसुद्धा आलं नाही.

सगळ्यात जास्त वाईट अब्बांना वाटलं. गाव सोडल्यापासून त्यांच्या हातात मातीचं काम नव्हतं. जागा मिळाली तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले होते. नुकसान झाल्यावर दोन महिने ते तिकडे फिरकलेच नाहीत. म्हणून यंदा आम्ही ठरवलं आहे : घाई करायची नाही, शिकून घ्यायचं आणि मगच लावायचं. ब्रिटनमध्ये आपले अनेक कोकणी लोक अशी जागा घेतात किंवा घेण्याच्या विचारात असतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून आमची चूक आणि यंदाची तयारी दोन्ही इथे मांडत आहोत.

अलॉटमेंट म्हणजे काय?

अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठी वर्षाच्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. इथे लोकांची मागणी असेल तर अशी जागा उपलब्ध करून देण्याची जबाबदारी १९०८ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलवर टाकली. जागेचं जुनं माप 'रॉड'. पूर्ण प्लॉट दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या हिशेबात बरोबर अडीच गुंठे! पिकवायचं ते मुख्यतः आपल्या घरासाठी, धंद्यासाठी नाही. आणि जागा पडीक ठेवली तर ती काढून घेतली जाऊ शकते. रांगेत बरेच लोक उभे असतात, म्हणून एक वर्ष फुकट गेलं तरी दुसरं वाया घालवून चालत नाही.

गेल्या वर्षी आमचं काय चुकलं?

बटाट्याचं पीक खाल्लं ते करप्याने. हा तोच रोग, ज्याने १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक उद्ध्वस्त केलं. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. आमच्या शेजारच्या प्लॉटवरचे चाचा आयरिश आहेत, वय ऐंशीच्या पुढे. जुलैच्या शेवटी त्यांनी आमच्या पानांवरचे तपकिरी डाग दाखवले, पान उलटं करून खालची पांढरी बुरशी दाखवली आणि म्हणाले, "आजच्या आज सगळा पाला कापा." आम्हाला त्या दिवशी नात्यातल्या लग्नाला जायचं होतं. म्हटलं, रविवारी बघू. रविवारपर्यंत पाऊस झाला आणि रोग पानांवरून धुऊन थेट खाली बटाट्यापर्यंत गेला.

हा रोग ओल्या, उबदार हवेत पसरतो. इथे त्याचा अंदाज बांधायचा एक नियम आहे : सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा त्याहून जास्त आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास हवेत ९० टक्के किंवा जास्त ओलावा असला की धोका सुरू. घरगुती बागेत मारण्यासाठी यावर औषध मिळत नाही. मग हातात उरतं काय? योग्य जात, योग्य वेळ आणि रोज पानं बघणं.

जात निवडताना

इथे बटाट्याचे तीन गट मानतात. पहिला लवकर येणारा. तो लावल्यापासून १० ते १२ आठवड्यांत काढता येतो. दुसरा मध्यम, त्याला साधारण १३ आठवडे लागतात. तिसरा मुख्य हंगामाचा; तो १८ ते २० आठवडे जमिनीत राहतो, पण हिवाळाभर टिकतो.

आम्ही गेल्या वर्षी फक्त तिसऱ्या गटातला 'मॅरिस पायपर' लावला होता. तो चवीला चांगला, पण करपा जोरात असतो त्या जुलै-ऑगस्टमध्ये तो जमिनीतच असतो. लवकर येणारा बटाटा मात्र रोगाचा जोर वाढायच्या आत घरी येतो. म्हणून यंदा तीन मीटरच्या पाच सऱ्यांचा बेत असा : दोन सऱ्या 'रॉकेट' या लवकरच्या जातीच्या, दोन 'शार्लोट' या मध्यम जातीच्या आणि साठवणीसाठी एक सरी 'सारपो मिरा'ची. ही शेवटची जात करप्याला चांगला प्रतिकार करते.

बेणं मात्र प्रमाणित घ्यायचं. दुकानातला खायचा बटाटा लावू नका. त्याला कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रिया केलेली असू शकते आणि त्यातून विषाणूही येऊ शकतात.

रमजानच्या आधी : माती

यंदा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि ईद २० मार्चच्या आसपास येते. रोज्यात फावडं चालवणं सोपं नाही, म्हणून जड काम आधी उरकायचं.

पहिलं काम, जुने बटाटे शोधून काढणं. मातीत राहिलेल्या एखाद्या बटाट्यातही करपा हिवाळा काढतो आणि वसंतात त्याच्याच कोंबांवरून परत पसरतो. आम्ही जुना वाफा बोटांनी चाळून काढला. अब्बांनी खुर्ची टाकून अर्धी बादली भरली! ते कंपोस्टमध्ये टाकायचे नाहीत.

दुसरं, फेरपालट. त्याच जागी निदान तीन वर्षं बटाटा नको, टोमॅटोही नको. दोघं एकाच कुळातले. नाहीतर मुळं खाणारे सूत्रकृमी वाढतात. जुन्या वाफ्यात यंदा वाल आणि मटार लावणार आहोत.

तिसरं, खत. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घोड्याची लीद घाला, पण विचारून घ्या. घोड्याने खाल्लेल्या गवतावर काही प्रकारची तणनाशकं मारली असतील तर त्यांचा अंश लीदीतून मातीत येतो आणि बटाट्याची पानं आखडतात. खात्री नसेल तर कुंडीत ते खत घालून वालाचे चार दाणे लावून बघा. वेल सरळ वाढला तर खत चांगलं. आणि बटाट्याच्या वाफ्यात चुना घालू नका. सालीवर खरबरीत चट्टे पडतात.

रमजानमध्ये : कोंब

हे काम बसल्या बसल्या होतं. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये बेणं उभं ठेवायचं, जास्त डोळ्यांची बाजू वर. खोली थंड पण उजेडाची हवी. थेट ऊन नको, दंवही नको. चार ते सहा आठवड्यांत जाड, आखूड, सुमारे दोन-तीन सेंटिमीटरचे कोंब येतात. अंधारात ठेवलं तर पांढरे, लांबडे कोंब येतात आणि हात लागताच मोडतात. आमच्या घरी ट्रे जिन्याच्या खिडकीत आहेत. इफ्तारीची तयारी चालू असताना मुलं रोज कोंब मोजतात.

ईदनंतर : लागवड

लवकरची जात मार्चच्या शेवटी, मध्यम एप्रिलच्या सुरुवातीला, मुख्य हंगामाची एप्रिलच्या मध्यात. दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल लावायचं, कोंब वर. लवकरच्या जातीत दोन बटाट्यांत ३० आणि दोन सऱ्यांत ६० सेंटिमीटर. मुख्य जातीत ४० आणि ७५. आम्ही गेल्या वर्षी लोभाने दाटीवाटी केली होती. हवा खेळली नाही, पानं ओली राहिली आणि रोगाला आयतीच संधी मिळाली.

झाड वीतभर वर आलं की मातीची भर द्यायची, वरची पानं तेवढी उघडी ठेवायची. भर दिल्याने बटाट्यावर ऊन पडत नाही. ऊन लागलेला बटाटा हिरवा होतो आणि विषारी असतो. तो खायचा नाही. भर दिलेल्या मातीची जाडी रोगालाही थोडी अडवते. इथे मेच्या मध्यापर्यंत रात्री दंव पडू शकतं, म्हणून झाकायला बागेचं पांढरं कापड तयार ठेवा. आणि फुलं यायला लागली की पाणी कमी पडू देऊ नका.

करप्याचा डाग दिसला तर रविवारची वाट बघू नका. त्याच दिवशी पाला जमिनीलगत कापून उचला आणि दोन आठवडे थांबून, साल घट्ट झाल्यावर कोरड्या दिवशी बटाटे काढा.

मागच्या आठवड्यात अब्बा स्वतःहून म्हणाले, "चला, एक चक्कर मारून येऊ." शेजारचे चाचा कुंपणापाशी उभेच होते. त्यांनी नवा वाफा पाहिला, दोन बोटांत माती चुरडली आणि मान हलवली. पहिली सरी निघेल तेव्हा पहिली पिशवी त्यांच्या घरी जाईल, हे आमच्या घरात आत्ताच ठरलं आहे. बाकी पीक देणारा अल्लाह आहे. आपल्या हातात तयारी आहे, ती यंदा आम्ही चोख करतो आहोत.