नकाशा म्हणजे चित्र नव्हे

यंत्रभागाचा नकाशा म्हणजे त्या भागाच्या चित्राचाच एक रूक्ष प्रकार, अशी जी समजूत सुशिक्षितांतही सर्रास आढळते, तिच्यातूनच लंबप्रक्षेपाविषयीचे बहुतेक गैरसमज उद्भवतात. चित्रकार एका बिंदूतून, म्हणजे आपल्या डोळ्यातून, पाहतो, म्हणून आगगाडीचे रूळ त्याला दूरवर एकत्र आलेले दिसतात. लंबप्रक्षेपात मात्र पाहणारा अनंत अंतरावर आहे असे गृहीत धरून, परस्परांना समांतर आणि प्रतलाला लंब अशा किरणांनी वस्तूचा आकार कागदावर उतरवतात, आणि त्यामुळे वस्तू प्रतलापासून हातभर दूर असो की कोसभर, तिचे माप घटत नाही. असे दृश्य मानवी डोळ्याला कधी दिसणार नाही. पण कारागिराला दृश्य कोठे हवे असते? त्याला माप हवे असते.

यावरून नकाशातली प्रत्येक रेषा खरी लांबीच दाखवते, असे मात्र कोणी समजू नये. प्रतलाशी समांतर असलेली कडच तेवढी खऱ्या लांबीची उतरते. ६० अंशांनी कललेली १०० मिलिमीटरची कड त्याच प्रतलावर ५० मिलिमीटर भरते, आणि कललेले वर्तुळ लंबवर्तुळ होते.

दोन दृश्ये दिली की वस्तू निश्चित झाली, हा समज अधिक फसवा, कारण पुष्कळदा तो खराही ठरतो. प्रत्येक दृश्य तीन परिमाणांपैकी दोहोंचीच साक्ष देते: एलेव्हेशन (समोरचे दृश्य) लांबी आणि उंचीची, प्लॅन (वरचे दृश्य) लांबी आणि रुंदीची. एलेव्हेशनही चौरस आणि प्लॅनही चौरस असा कागद हाती आला, तर 'हा घन' असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. परंतु त्याच घनाला मागच्या वरच्या कडेपासून पुढच्या खालच्या कडेपर्यंत तिरका छेद देऊन केलेली पाचर, किंवा सपाट छेदाऐवजी बाहेर फुगीर वळण ठेवून केलेला दंडगोलाचा चतुर्थांश, यांचीही ती दोन दृश्ये तंतोतंत तशीच येतात, आणि चौरस, त्रिकोण की पाव वर्तुळ, हे सांगण्याचा अधिकार केवळ बाजूच्या दृश्याकडे उरतो. उलटपक्षी, तीन दृश्ये काढलीच पाहिजेत असाही दंडक नाही; साध्या गोल दांड्याला व्यासाच्या चिन्हासह एक पुरते.

या विद्येचा जनक गास्पार मोंझ, या विधानालाही थोडी पुस्ती जोडावी लागते. प्लॅन आणि एलेव्हेशन त्याच्या कितीतरी आधी प्रचलित होते, आणि चित्रकार ड्यूररने १५२५ सालच्या ग्रंथात शंकूचे छेद याच रीतीने मांडले होते. मोंझने केले ते हे की, परस्परांना लंब अशा दोन प्रतलांपैकी एक दुसऱ्याच्या पातळीत पाडून अवकाशातले प्रश्न सपाट कागदावर सोडवण्याचे शास्त्र उभारले. मेझिएरच्या लष्करी विद्यालयात तटबंदी शत्रूच्या माऱ्यापासून आड कशी ठेवावी याचे उत्तर त्याने इतक्या झटपट काढले, की वरिष्ठ ते तपासावयासही राजी होईनात. आणि खातरजमा झाल्यावर तीच रीत लष्करी गुपित म्हणून बंदोबस्तात ठेवण्यात आली. १७९५ साली पॅरिसच्या व्याख्यानांतून ती जाहीर झाली.

'फर्स्ट अँगल' बरोबर आणि 'थर्ड अँगल' चूक, किंवा याच्या उलट, हा वाद तर निरर्थकच आहे. पहिल्या रीतीत वस्तू पाहणारा आणि प्रतल यांच्या मध्ये असते, म्हणून प्लॅन एलेव्हेशनच्या खाली आणि डावीकडून पाहिलेले दृश्य उजवीकडे येते. दुसरीत पारदर्शक मानलेले प्रतल मध्ये असते, म्हणून प्लॅन वर आणि डावीकडचे दृश्य डावीकडेच राहते. दृश्ये तीच, जागा निराळ्या. भारतीय मानक एसपी ४६ पहिल्या रीतीची शिफारस करते, अमेरिकेत दुसरी रूढ आहे. म्हणून परदेशी मागणीचे काम घेणाऱ्या कारखान्याने नकाशाच्या कोपऱ्यातले, रीत कोणती ते सांगणारे छिन्नशंकूचे चिन्ह आधी पाहावे. ते न पाहता आरपार छिद्रांचा भाग उलट रीतीने वाचला, तर एकही माप न चुकता मूळ भागाची आरशातली प्रतिकृती तयार होते, आणि तपासनिसाच्या मोजपट्टीलाही ती गफलत सहसा उमगत नाही. जुळणीच्या वेळी मात्र भाग बसत नाही.